मांगीलालशेठच्या डोक्यावरचा मांडा

जळगाव, चैत्र संपत आला

सौ. दिपमाला अक्कास,

धाकट्या नवलचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर, मान तेवढी खाली जात नाही.) धुळ्याला ऊन कसं आहे? दाजींचा गुडघा काय म्हणतो? आई गेल्यापासून दोन अखाज्या (कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत अक्षय्य तृतीया) झाल्या, तू माहेरी फिरकली नाहीस. म्हणून फोन न करता पत्र लिहितो, म्हणजे तुला मध्येच ठेवून देता येणार नाही.

इकडची बातमी अशी, की माझ्या मानेने संप पुकारला. दिवसभर कंपनीत संगणकापुढे बसून रावेरकडच्या केळीबागांच्या ठिबकचे नकाशे काढायचे. पाणी अख्ख्या बागेला पोचतं, रक्त माझ्या खांद्याला पोचत नाही. कोणी हाक मारली की मी सगळाच्या सगळा वळतो (साहेबांना वाटतं, फार आदर करतो). डॉक्टर म्हणाले, योगा करा. म्हणून गल्लीतल्या सभागृहात चेलनाताईंच्या वर्गाला जाऊ लागलो. तिथे सगळे साठीपुढचे. माझ्या पुढ्यातच डाळमिलवाले मांगीलालशेठ बसतात, पंचाहत्तरी उलटली तरी मान नवरदेवासारखी ताठ.

परवा ताईंनी डोळे मिटायला लावले. हात पुढे, तळवे वर, मनगटं गोल फिरवा, श्वास सोडा. आणि अक्का, काय सांगू, माझ्या हातांवर पुरणाचा मांडा आला! अखाजीची सकाळ, चोपड्याचं आपलं परसदार, चुलीवर पालथं घातलेलं खापर. आई कोपरापर्यंत हातांवर मांडा फिरवत पंचाएवढा करतेय. तू माहेरपणाला आलेली, तरी चुलीत फुंकर घालून डोळे लाल करून बसलेली. मी शेजारी माझा चिमुकला मांडा फिरवतोय. (पोरगा मांडे शिकतो म्हणून गल्ली हसायची. आई म्हणायची, "हासू दे त्यासले, खावाले बठ्ठा येतीन." आणि खायला सगळे यायचेच.) अक्का, त्या धुराचा वाससुद्धा आला मला. आई मानेनेच 'टाक' म्हणायची, तशी म्हणाली, आणि मी टाकला. खापर समजून, दोन्ही तळहातांनी, थेट मांगीलालशेठच्या टकलावर.

शेठ बसल्या जागी शवासनात जायचे बाकी राहिले. मी गयावया करत खरं ते सांगितलं. टक्कल चोळत ते म्हणाले, "मांडा टाकला ते समजलं. आमरस कुठे आहे?" सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. गेल्या अखाजीला मी मुऱ्हाळी म्हणून तुला न्यायला आलो, तर तू दारातच म्हणालीस, "माय नही, ते माहेर कसानं?" स्टँडवर उसाचा रस प्यालो आणि एकटाच परत आलो.

दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
नवल

ता. क. अखाजी पुढच्या आठवड्यात. मी न्यायला येतोय, पिशवी भरून ठेव.

आणखी ता. क. डॉक्टरांनी योगा सांगितला हे खोटं. ते गोळ्या देऊन मोकळे झाले होते. वर्गाला मी आपणहून गेलो. खांदा धरल्यामुळे हात वर जात नव्हते, आणि हात वर गेल्याशिवाय खापरावर मांडा पडत नाही. आता जातात. यंदा तू चुलीपाशी यायचं नाहीस, पाटावर बसायचं. फाटके का होईना, गरम वाढीन.