प्रिंटची ओळ

प्रिय दादा,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून कागदावर लिहितेय. चिठ्ठी वहिनीकडे देणार आहे. तू वाचल्याशिवाय ती तुला जेवायला वाढणार नाही, एवढी खात्री आहे.

डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम तू लिहिलास. तो वाचून वाचूनच मी कर्नल, सगळ्या मशीनचा कारभार बघणारा तो गाभा, शिकले, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन. पण मशीन मध्येच कोसळायला लागलं, आत काय चाललंय ते बघायला तू त्यात स्क्रीनवर मजकूर छापणारी एक प्रिंटची ओळ घातलीस, आणि क्रॅश गायब! सगळे खूश. साहेब म्हणाले, ओळ राहू द्या, माल पाठवा. अरे, थर्मामीटर लावल्यावर ताप उतरला म्हणून कुणी तो तोंडात धरूनच ऑफिसला जातं का? मीटिंगमध्ये मी हेच म्हटलं, तेव्हा सगळे खो खो हसले. तू मात्र खाली बघत बसलास. मला राग आला तो त्याचा.

कारण तुला कळलं होतं. डिस्कचं उत्तर यायला उशीर झाला की आपला ड्रायव्हर कंटाळतो आणि तिच्यासाठी राखलेली मेमरी परत करून टाकतो. कर्नल ती दुसऱ्या कुणाला देतो. मग डिस्क सावकाश येते आणि तिथेच आपला डेटा ओतते. खोली नव्या भाडेकरूला दिली, आणि जुना किल्ली घेऊन आत शिरला! प्रिंटमुळे ड्रायव्हर जरा रेंगाळतो, तेवढ्यात उत्तर येतं, एवढंच. मी भंगारातली एक मरतुकडी डिस्क जोडली, वर भरपूर काम लादलं. तुझी ओळ जागेवर होती, तरी मशीन कोसळलं. ते परवडलं रे. एकदा तर कोसळलंच नाही. एका फाइलचा तुकडा दुसरीत गेला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. ही मशीनं हॉस्पिटलात जाणार आहेत. एकाच्या तपासणीत दुसऱ्याचा आजार निघाला तर?

बाबा म्हणतात, त्याची बढती तोंडावर आलीये, भावाला चारचौघांत उघडं पाडू नकोस. मला का तुझं वाईट करायचंय? रडूच आलं मला.

तरीही आज सकाळी मी रिलीज अडवलं, माल बाहेर जाऊ दिला नाही. कारण लिहून, माझ्या नावानिशी. हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळू नये, म्हणून हे पत्र. दुरुस्ती मला येते, पण मी पाठवलेली नाही. ड्रायव्हर तुझा आहे, ती तूच लिही. उद्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलंय. माल पाठवायच्या कागदावर सही कर, नाहीतर सामान उचल, असं सांगतील. मी सही करणार नाही, त्यांनी काय करायचं ते करू देत. तुलाही बोलावलं असेलच. तू माझ्या बाजूच्या खुर्चीत बसणार की त्यांच्या, तेवढं ठरवून ये.

तुझीच,
हट्टी शेंडेफळ