मध्येच वाजलेलं ताट

बाई,

हे पत्र मी कधीपासून टाळतोय. आधी म्हटलं, सुरतेला पोचलो की लिहू. तिथलं काम सुटलं. मग भरूचकडे एका मिठागरात होतो. तिथं एक म्हातारा नुसत्या जिभेवर ठेवून मीठ कुठल्या वाफ्यातलं ते सांगायचा, त्याच्या नादात महिने गेले. आणि वारलेल्या माणसाला लिहिलेलं पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत, ही सबब होतीच. आज लिहितोय ते रबाळ्याच्या आपल्या बुद्धविहारात बसून, तुम्ही बसायचात त्या खिडकीखाली. छपराचे पत्रे तेच आहेत. खिडकीतून खाडी मात्र आता दिसत नाही, मध्ये कारखान्याची भिंत आलीय.

विहार समितीचे काका काल म्हणाले, "रविवारचा वर्ग पुन्हा उघडायचाय. तू घे. बाईंच्या हाताखालचा आता तूच उरलायस इथं." मी म्हटलं, "काका, मला अर्धंच येतं. मी मधूनच पळालेला." "मग अर्धं शिकव," म्हणाले आणि किल्ली हातात ठेवून चालते झाले. उद्या मी ट्रकवर निघतोय, हे सांगायचं राहूनच गेलं. पण बाई, अर्ध्याचं काय होतं ते तर तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. आठवडाभर तुम्ही औषधाच्या कारखान्यात काचेच्या बशीत जंतू वाढवायचात आणि रविवारी आम्हाला त्यांच्या गोष्टी सांगायचात. दाराशी सावलीला घणसोलीची मासेवाली मावशी पाटी उतरवून बसलीय, नेहमीसारखी. तुम्ही सांगताय, जिवाणू आपल्यातलं फक्त पोरांनाच देतात असं नाही, शेजाऱ्यालाही देतात. एक जण बारीक नळी पुढे करतो, दुसऱ्याला जवळ ओढतो आणि आपल्यातलं काही त्याच्यात सोडतो. औषधाला दाद न देण्याची युक्तीसुद्धा अशीच शेजारी जाते. "होडीला होडी लावून मासळी द्यावी तसं," तुम्ही म्हणालात. तशी मावशी दारातून ओरडली, "मावरा दिला तं पाटी रिकामी होल ना गो बाय! मंग त्यो देनारा येडा हाय का?"

सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात, आणि मग एकदम थांबलात. "मावशी, गाणं दिलं तर?" "गान्याचा काय, ता दोघींचे तोंडान ऱ्हातंय." "हां, तसंच!" गुण साठवलेला जो दुहेरी धागा प्रत्येकाच्या पोटात असतो, त्यातला एक पदर देणारा पुढे सारतो, म्हणालात, मागे राहिलेल्या पदराला नवी जोड भरते, पलीकडे गेलेल्यालाही भरते. कुणाचंच कमी होत नाही.

मग मावशीला हळदीचं गाणं म्हणायला बसवलंत. तिच्यामागून एकेकीनं म्हणायचं आणि तुम्ही मध्येच ताट वाजवायचं. ताट वाजलं की जोडी सुटली. लवकर सुटली तिला हळद दळण्यापुरतंच आलं, उशिरा सुटली तिला मांडवापर्यंत. शास्त्रज्ञांनी जिवाणूंच्या जोड्या अशाच मध्येच तोडून पाहिल्या आणि कुठल्या गुणामागून कुठला येतो ते ओळखलं, हे तुम्ही सांगत होतात आणि मावशी करवादत होती, "माझा गाना पुरा करू देशील का नाय?"

शेवटी तुमचा आवाज खाली आला. ही देण्याची युक्ती धाग्याच्याच एका लहानशा कड्यात असते. कडं सुटं असलं तर ते आख्खं जातं आणि घेणाराही देणारा होतो. पण कधी ते मोठ्या धाग्यात अडकलेलं असतं. मग मोठा धागाच पलीकडे सरकायला लागतो आणि कड्याचा बराचसा भाग पार शेपटाला राहतो. तिथवर जोडी बहुधा टिकत नाही. "अशा वेळी घेणाऱ्याला पुष्कळ मिळतं," तुम्ही म्हणालात, "पण पुढे देता येत नाही." मी तेव्हा खिडकीतून रस्त्यावरचा ट्रक बघत होतो. "तुझं बूड कधी टिकणार रे एका जागी?" तुम्ही रागावला नव्हतात, म्हणून ते जास्त लागलं.

नंतर थोड्याच दिवसांत मी निघालो. तुम्ही तापानं गेल्याचं मला वलसाडच्या एका ढाब्यावर कळलं, आपल्याच वस्तीतल्या क्लीनरकडून. औषधं बदलून पाहिली म्हणे, एकही लागू पडलं नाही. ते जंतूंच्या त्या देवाणघेवाणीमुळेच का, ठाऊक नाही. कुणी तपासलं नसणार. समोरचा चहा मी तसाच टाकून उठलो, आणि घरी यायचं सोडून उलट्या दिशेच्या गाडीत बसलो.

मला बरंच काही मिळालंय बाई, तुमच्याकडून. पण शेपटाकडचं? ते आलंय की नाही, हे घेणाऱ्याला कळतं का, एवढं विचारायचं राहिलं. हे पत्र इथंच खिडकीच्या फटीत खोचून ठेवणार आहे. आणि खरं सांगू? आज रविवार, वर्गाची वेळ झालीय, पण चटया अजून अंथरल्या नाहीत. पिशवी भरून सोबतच आणलीय. कुणी आलं नाही तर कुलूप लावायचं, काकांच्या दारात किल्ली ठेवायची आणि उद्याची वाट न बघता आज रात्रीचीच गाडी धरायची, असं ठरवून बसलोय.

थांबा. दारात पाटी टेकल्याचा आवाज झाला. मावशी आहे. किती वाकलीय! वर्गाचं तिला कुणी सांगितलं, देव जाणे. सोबत नात आणलीय, तिला आत ढकललंय आणि आपण उंबऱ्यावर बसकण मारून माझ्यावरच खेकसतेय, "लिवाचा ऱ्हाव दे आता. पोरीला शिकव. गाना मी बोलतंय. पन आज मदीच ताट वाजवू नको हां."