रौप्यमहोत्सवाची तारीख

ता. ११, बुधवार
आजपासून रोजनिशी. थोर माणसांच्या रोजनिशा पुढे कोणाला तरी सापडतात. माझी निदान सुवाच्य असावी.

येत्या चोवीसला 'आजच्या दिवशी' या माझ्या सदराला पंचवीस वर्षं होतात. आज कोण जन्मलं, कोण गेलं, कुठला तह झाला, कुठलं जहाज बुडालं, हे अख्खं शहर सकाळच्या चहाबरोबर माझ्याकडून शिकतं. एरवी या लोकांना काल काय जेवलो तेही आठवत नाही. ऑफिसातही कोणाच्या लक्षात नसणार. संपादक म्हणजे कालचं पोरगं. त्याच्या लेखी इतिहास म्हणजे मागच्या वर्षीचा मोबाइल.

संध्याकाळी
बायको म्हणते, चोवीस नव्हे, सतरा. का? तर मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या सकाळी हिने तिला पहिलं सदर वाचून दाखवलं होतं. आता इतिहास मावशीच्या मोतीबिंदूवरून ठरणार! भिंतीवरचं फ्रेम केलेलं कात्रण दाखवलं. तारीख चोवीस, खाली ठळक टाइपात माझं नाव. त्याआधी आठवडाभर सदर यायचं, पण बिननावी, चाचणी म्हणून. नावच नाही तर सुरुवात कसली? तारखांच्या बाबतीत पुन्हा मध्ये बोलू नकोस, असं ठणकावलं. बरं म्हणाली. समजूतदार आहे तशी.

ता. १२, गुरुवार
सतरा तारखेचं सदर आगाऊ दिलं. भिकार दिवस. एक तह नाही, एक धड जन्म नाही. दोन ओळींत उरकलं आणि खाली लिहिलं: 'आजच्या दिवशी विशेष काही नाही.' संपादकाने दोनदा विचारलं, नक्की का, पुन्हा एकदा बघता का? म्हटलं, इतिहास ऑर्डरप्रमाणे घडत नाही. गालातल्या गालात हसला. अडाण्याला हसण्याशिवाय दुसरं काय येतं?

सोळा ते तेवीस रजा टाकली. भाषण लिहायचंय. सतराला तरी या, म्हणून संपादक मागे लागला. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही, हे एकदा कळू दे.

ता. १४, शनिवार
भाषणाचा पहिला खर्डा तयार. वाचून पाहिला. 'मी' जरा जास्त झाले होते. ते काढायला घेतले तर भाषणच संपत आलं. परत घातले.

जुन्या संपादकांना बोलवायला सांगणार आहे. सदर मला त्यांनीच दिलं. पण पुढे निवृत्त होईपर्यंत एकदाही 'छान' म्हणाले नाहीत. फार तर 'हं'. चोवीसला त्यांच्या तोंडून ऐकायचंच. बाकी हारतुरे गेले खड्ड्यात. (हार मोठा असावा.)

समारंभाचा कोट निघाला. आक्रसलाय. निश्चय: गोड बंद, रोज पहाटे फिरणे.

ता. १६, सोमवार
फिरायला गेलो. कोपऱ्यावर कुत्रं होतं. परत आलो. टेलर म्हणतो, कोट आक्रसत नसतो साहेब. उद्धट माणूस.

ता. १७, मंगळवार
सकाळी पेपर उघडला. राशिभविष्यात माझ्या राशीला: 'आज घरी बसू नका. मानसन्मान.' हा भविष्यवाला माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतो आणि दात कोरत थापा लिहितो. मुद्दाम घरी बसलो.

मग ऑफिसातून फोन. पान लावणारा म्हणे, काहीतरी अडलंय, लगेच या. पुन्हा फोन. मग खुद्द संपादक. फोन बंद करून टाकला. बायको म्हणाली, जाऊन या ना, शर्ट इस्त्री करून ठेवलाय. म्हटलं, आज विशेष काही नाही, सदरात छापलंय मी. मग ती स्वतःच चांगले कपडे घालून बाहेर पडली. मावशीकडे, दुसरं कुठे?

संध्याकाळी आली. बाहीला केकचं क्रीम. मावशीला शुगर आणि यांच्या पार्ट्या! चांगलंच सुनावलं. बाही धुवायला निघून गेली. चूक पटली असणार.

ता. २१, शनिवार
आरशासमोर भाषणाची तालीम. माझ्या हालअपेष्टांच्या परिच्छेदाला मलाच रडू आलं. बायकोला बसवून ऐकवणार होतो. कपडे भिजवायचेत म्हणाली. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय!

ता. २४, मंगळवार
कोट घालून गेलो. बटणं लावली नाहीत, म्हणजे लागली नाहीत. सगळे आपापल्या कामात. पान लावणाऱ्याने विचारलं, कुणाचं लग्न आहे का? ही सोंगं मी ओळखतो. चारपर्यंत वाट पाहिली. मग संपादकाच्या केबिनमध्ये जाऊन सहज म्हटलं, आज चोवीस, नाही का?

तो म्हणाला, समारंभ सतरालाच झाला. जुन्या फाइलीत सदर सतरापासून आहे. तुमच्या मिसेसही तेच म्हणाल्या. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. केक होता, हार होता. जुने संपादक काठी टेकत जिना चढून आले, तासभर बसले आणि गेले. आता मुलीकडे राहायला गेलेत, परदेशी.

हार भविष्यवाल्याने स्वीकारला. माझ्या वतीने.

वाईट वाटलं. खूप वाटलं. इथे लिहायला हरकत नाही.

रात्री
बायकोला विचारलं, आठवडाभर गप्प का बसलीस? म्हणाली, तारखांच्या बाबतीत मध्ये बोलू नकोस म्हणाला होतात.

जेवण झाल्यावर धीर करून विचारलं, जुने संपादक बोलले का काही? बोलले की, म्हणाली. बराच वेळ बोलले. माझ्याबद्दल? तुमच्याबद्दलच.

काय म्हणाले?

तिने दिवा मालवला आणि म्हणाली, विशेष काही नाही.