पेनाचा गुलाबी मोजा

मंगळवार, संध्याकाळ

आज पर्समध्ये शाईचा एकही डाग नाही! खमरियाच्या आमच्या बँकेपर्यंत स्कूटीला एवढे गचके बसले, तरी नाही. लेकीचा, मनूचा, तान्हेपणीचा गुलाबी मोजा घेतला, निब वर ठेवून शाईचं पेन त्यात घातलं आणि मोजा पर्सच्या आत सेफ्टी पिनने उभा टाचला. इतकंच. हे मला आधी काहून नाही सुचलं?

सकाळी नववीतली मनू चिडली होती. "आई, मोजा काहून नेऊन राहिली? लोक हसतील ना!"

बँकेत हसलेच सगळे. पण मॅनेजरसाहेबांनी हळूच विचारलं, "मैडम, इसका जोड़ीदार है क्या घर पे?"

आल्याआल्या अख्खं कपाट उपसलं. साहेबांना आता काय सांगू? जोडीदार मनूच्या दप्तरात टाचलेला आहे. आत तिचं पेन, निब वर.