घराकडे वळलेली ओळ

मी, खाली सही करणारी, सगळीकडे ‘कुरणवाली’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने करून ठेवत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. याआधी रागाच्या भरात मी काही लिहून ठेवलेलं सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहतं घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांनी निम्मं निम्मं घ्यावं. शिवणयंत्र जावेला द्यावं. ती वर्षानुवर्षं ते ‘सहज बघायला’ येते, आता एकदाचं घेऊन जाऊ दे. दिरांना काहीही देऊ नये. त्यांनी आम्हाला ट्रॅक्टर दिला होता तेवढं देणंघेणं पुरे झालं.

२. उतारावरचं कुरण, पाण्याच्या टाकीपासून दगडी बांधापर्यंत, सर्वस्वी मुलीचं. थोरला फुगून बसेल, बसू दे. तो मागच्याच भेटीत म्हणाला, “आई, एकदा खोल नांगरट केली की विषय संपला.” अगदी हेच याच्या वडिलांनी म्हटलं होतं.

निळ्या फुलांचं ते तण आमच्याकडे विकतच्या गवताच्या गाठींतून आलं. यांनी त्याचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं, कारण आला तो गेलाच नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, चांगलं गवत तेवढं ओरबाडतात आणि पाहुण्याला आणखी जागा करून देतात. शेवटी हे चिडले. मी म्हटलं, “अहो, नांगर नको, मुळाचे तुकडे होतील.” तर म्हणाले, “तू चहा टाक, मी उखडूनच येतो.” दिरांचा ट्रॅक्टर आणला आणि सगळा उतार उभा-आडवा फाडला. नांगराच्या शेवटच्या तासाला त्यांनी ट्रॅक्टर अचानक घराकडे वळवला. मी खिडकीतून पाहत होते. अर्ध्या वाटेवर त्यांची मान स्टिअरिंगवर पडली. छातीत कळ आल्यावर ते माझ्याकडे यायला निघाले होते, हे मला कुणी सांगायला नको.

पुढच्या हंगामात पाहुणा उगवला तो त्यांनी ओढलेल्या तासातासांतून. मुळाचा बोटभर तुकडाही नवीन झाड धरतो. उतारावर यांच्या हातची प्रत्येक ओळ निळी झाली होती आणि एक ओळ घराकडे वळून मध्येच थांबली होती. मी दार लावून पोटभर रडले.

बाकीच्या ओळी मी संपवल्या. कळी धरली की कापायचं, बी पडू द्यायचं नाही. थंडी पडायच्या आधी पाला आपलं अन्न खाली मुळाकडे धाडतो, औषध तेव्हाच मारायचं, म्हणजे तेही खाली जातं. मग दाट गवत पेरायचं आणि ते अंग धरेपर्यंत गुरं बाहेर ठेवायची. हे एका वर्षाचं काम नाही. मुलीला ते येतं, थोरल्याला दम नाही.

वळलेल्या ओळीच्या मात्र मी फक्त कळ्या खुडल्या. मूळ जमिनीखालून सरकत राहिलं. दरवर्षी ती ओळ थोडी पुढे आली. गोठा ओलांडला, तारेखालून आली, आणि यंदा स्वयंपाकघराच्या पायरीशी फुटवा आला. मला भीती वाटते आणि बरंही वाटतं. संध्याकाळी त्या बाजूचा दिवा मी मालवत नाही. मुलगी एकदा म्हणाली, “आई, हे मारायचं ना?” मी म्हटलं, “मी आहे तोवर नको गं.”

३. कुरणात कधीही नांगर घालू नये. घातल्यास ते मुलीकडून काढून चराईच्या सोसायटीला द्यावं. ही अट ती भावाच्या गोड बोलण्याला भुलू नये म्हणून आहे.

४. मी गेल्यावर थंडीच्या तोंडावर मुलीने त्या ओळीवर औषध मारावं, पायरीपासून मागे मागे जात, ट्रॅक्टर थांबला होता तिथवर. मजूर लावू नये. मारताना वडिलांना मोठ्याने सांगावं, की बाबा, आई आता घरात नाही, तुम्ही इकडे येऊ नका.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही : कुरणवाली
साक्षीदार : गुरांचे डॉक्टर, शेजारच्या शिक्षिकाबाई
ठिकाण : राहतं घर, स्वयंपाकघर
तारीख : वकिलांच्या शिक्क्यावर आहे तीच