आबीची उदाहरणवाक्यं

६ नोव्हेंबर

तिजेनने पुन्हा वाक्यं परत पाठवली. अंकाऱ्यात बसून ही पोरगी माझ्या पुस्तकाचं संपादन करते — तुर्की मुलांसाठी इंग्रजी शब्द, प्रत्येक शब्दाला एक उदाहरणवाक्य, खाली तुर्की अर्थ. ‘प्रतिकार करणे’ याला मी लिहिलं होतं: मासळीच्या कारखान्यातल्या बायकांनी मालकाच्या दडपणाचा प्रतिकार केला. तिने सुचवलंय: माझ्या बहिणीने केकच्या मोहाचा प्रतिकार केला.

फोनवर म्हणाली, “होजाम, मुलं परीक्षेला बसणार आहेत, मोर्चाला नाही.” शिकवणाऱ्या बाईला आमच्याकडे होजाम म्हणतात.

मी तिला बराच वेळ सुनावलं. शब्द पाठ करून येत नाही, गरज पडली की येतो. ज्याला केक दिसला तो केक खाईल, क्रियापद कशाला शोधत बसेल? माणसं गुलाम करायची झाली तर सुरुवात अशीच करतात — केक, छत्री, मांजर, टेबल! असल्या वाक्यांत कुणालाच काही नको असतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, सुंदर बोललात. केकच ठेवते.

९ नोव्हेंबर

साम्सुनला जाऊन आलो. आबी म्हणजे माझा थोरला भाऊ, मुअल्लावहिनी आणि मी. आबीच्या पोटाचे अहवाल आज मिळायचे होते.

डॉक्टरांनी आबीला वजन करायला आतल्या खोलीत पाठवलं आणि आम्हा दोघींना व्हरांड्यात घेतलं. ज्याचं दुखणं त्याला सोडून बाकीच्यांना सांगायचं — आपल्याकडचा रिवाजच. स्वादुपिंड. पसरलंय. उन्हाळा दिसेल असं वाटत नाही.

रुग्णाला सांगायचं का, असं त्यांनी वहिनीला विचारलं. चहात साखर घालू का, त्या स्वरात. वहिनी नाही म्हणाली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. लोकांपासून काही लपवू नका म्हणून हयातभर व्यासपीठं दणाणून सोडणारी मी.

आबी शर्टाची बटणं लावत बाहेर आला. वहिनीने सांगितलं, पित्ताशयाला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. सगळी बटणं लावून होईपर्यंत त्याने वर पाहिलं नाही. मग म्हणाला, चला, बस चुकेल.

१० नोव्हेंबर

सकाळी राष्ट्रपित्याच्या स्मृतिदिनाचे दरवर्षीचे भोंगे वाजले, गाव जागच्या जागी उभं राहिलं. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. शाळेत भाषणाला बोलावलं होतं. गेले नाही.

दुपारी वहिनीने टेबलावरच्या पावावर माझा हात दाबून आबीला काही न सांगण्याची शपथ घ्यायला लावली. मेलबर्नहून ओक्तायचाही फोन — आबीचा एकुलता मुलगा. आधी रडला. मग म्हणाला, “आत्या, तुमची भाषणं या एका वेळेला बाजूला ठेवा.”

१३ नोव्हेंबर

आबी आला. कोट, टाय. सिनोपमध्ये आता कुणीही टाय लावत नाही, पण हा अजून न्यायासनावर बसल्यासारखा राहतो. म्हणाला, मला इंग्रजी शिकव.

कारण सांगितलं ते नातीचं. योंजा नऊ वर्षांची. आई तिकडची, त्यामुळे तुर्की जेमतेम — ‘देदे’ म्हणजे आजोबा एवढं येतं, आणि खाण्याची दोन-चार नावं. रविवारी व्हिडिओवर ओक्ताय मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगतो. काल पोरगी हातवारे करून कितीतरी वेळ बोलली. ओक्तायने सांगितलं: ती म्हणते, मजेत आहे, पापी पाठवलीय.

“कोर्टात असे दुभाषे फार पाहिले,” आबी म्हणाला. “साक्षीदार पानभर बोलतो आणि हे ‘होय’ म्हणतात.”

एकोणसत्तराव्या वर्षी. मी हो म्हटलं. वहिनीलाही बरं वाटलं. मन रमेल, दुखणं विसरेल.

१४ नोव्हेंबर

पहिला धडा. तिजेनने नाकारलेल्या वाक्यांचा गठ्ठा घेऊन गेले — वाया कशाला घालवायची? ‘मागणे’: कामगारांनी हिशेब मागितला. ‘उठणे’: सभागृह उठून उभं राहिलं. आबीने चष्मा कपाळावर चढवला. “पेरी, तुझ्या वाक्यांत कुणी कधी बसत नाही का? सगळे आपले उभे, सगळे काहीतरी मागतायत.”

मग केक आणि छत्र्या काढल्या. त्याही नको म्हणाला. शब्द दे, वाक्यं माझी मी करतो, आणि जे मला खरोखर बोलायचंय तेच करतो. माझंच मत, फक्त आवाज न चढवता. आम्ही उभ्या आयुष्यात एका गोष्टीवर सहमत झालो नव्हतो.

२१ नोव्हेंबर

रोज सकाळी माझ्याकडे बेकरीतले गोड नोकुल घेऊन येतो, स्वतः खात नाही. दिवसाला सात-आठ शब्द. उच्चार भयंकर. पण विसरत नाही.

त्याची वाक्यं: तुझा कुत्रा कुठे झोपतो? तुझी शिक्षिका कडक आहे का? तू खोटं बोललीस तर आई काय करते?

शेवटच्यावर मी हसले. तो हसला नाही. मुलगी कशी वाढवलीय ते बघायला नको का, म्हणाला.

२४ नोव्हेंबर

आज ‘लपवणे’ हा शब्द त्याने मागितला. वाक्य करायच्या आधीच मी दिलं: मुलगी चेंडू कपाटामागे लपवते.

कपाटामागे चेंडू! मी!

ते तिजेनलाही पाठवून दिलं. उलट टपाली उत्तर — आता जमलं, होजाम.

२९ नोव्हेंबर

वहिनीशी भांडण. तिने अक्रोडाची मान्ती, उकडलेल्या इवल्या करंज्या, केली होती, आबी दोन घास खाऊन उठला आणि बंदरावर फिरायला गेला. मी म्हटलं, सांगू या. माणसाचं आयुष्य त्याच्या मालकीचं असतं, त्याची शेवटची तारीख आपण कुलुपात ठेवायची, हा कुठला अधिकार? आणखी बरंच बोलले. चांगलं बोलले असावे, कारण शेजारच्या खिडकीतून कुणीतरी वाकून पाहिलं.

वहिनी ताटं उचलत होती. तिच्या वडिलांना एका तरुण डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. ते घरी आले, भिंतीकडे तोंड करून निजले, परत कुणाशी बोलले नाहीत. आठवड्यात गेले. “आजाराने नाही गेले. त्या वाक्याने गेले,” ती म्हणाली. “तुझी वाक्यं तुला मोलाची, पेरिहान. मला माझा नवरा.”

मी ताटं पुसायला घेतली.

४ डिसेंबर

भविष्यकाळ सुरू केला. टाळत होते, पण पुस्तकात तोच पुढे होता.

आबीने स्वतः वाक्य केलं: मी जूनमध्ये योंजाच्या घरी येईन. ‘मध्ये’साठी चुकीचा शब्द घातला. मी तो दुरुस्त केला. वाक्य दुरुस्त केलं नाही.

त्याने ते तीनदा म्हटलं. दर वेळी माझ्याकडे बघून.

८ डिसेंबर

बेल्टला नवं भोक पाडून घेतलंय. मी पाहिलं ते त्याने पाहिलं.

११ डिसेंबर

आबी चहाच्या दुकानातून वैतागून आला. साब्रीशी सोंगट्या खेळला आणि सलग जिंकला. हा साब्री वकील. स्वतःच्या आजारी सासऱ्यालाही कधी डाव सोडला नाही त्याने. उघड्या सोंगट्या मारायच्या सोडून फासे घोळवत बसला, आणि वर म्हणाला, आज नशीब तुमचं, न्यायाधीशसाहेब.

“गावाला ठाऊक आहे,” आबी म्हणाला.

काय, असं मी विचारायला हवं होतं. निर्दोष माणूस ते विचारतो. मी केटली भरायला उठले. पाठीमागे त्याने वही उघडली आणि ‘गंभीर’ला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारलं.

१५ डिसेंबर

या आठवड्यातले शब्द: आजारी. खरं. वचन. ऐकलं. केव्हा. घाबरू नको.

दिले. सगळे दिले. वाक्य एकाही शब्दाला दिलं नाही. त्यानेही स्वतःची वाक्यं मला दाखवली नाहीत. आजवर लोकांना शब्द देऊन मी पुढे चालत असे आणि ते मागून येत. इथे मी मागे आहे आणि पुढे काय आहे ते मला दिसतंय.

वहिनीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तेवढ्याने शपथ मोडते का, मला ठाऊक नाही.

१९ डिसेंबर

आबीने परस्पर ठरवून टाकलंय. उद्या बुधवार, ओक्ताय कामावरून उशिरा येतो, तिकडे संध्याकाळ असेल, योंजा घरी. माझ्या घरून फोन लावायचा. वहिनी उद्या सकाळी बाजारात.

मी समोर बसायचं. चित्रात यायचं नाही. शब्द अडला तरच बोलायचं.

२० डिसेंबर

लिहून ठेवते, जसं झालं तसं.

आबी टाय लावून आला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. योंजा आली — पुढचा दात पडलेला, केस ओले. बाबा नसताना देदेने फोन केला याचंच तिला आश्चर्य. मग आजोबा इंग्रजीत बोलायला लागले आणि ती इतकी हसली की फोन हातातून पडला.

कुत्र्याची चौकशी झाली. दाताची झाली. शिक्षिकेची झाली. तो सावकाश बोलत होता, प्रत्येक शब्द टेबलावर मांडून. लहान मुलं मोठ्यांशी बोलतात तशी ती बोलत नव्हती, मोठी माणसं लहानांशी बोलतात तशी बोलत होती — थांबून, सोपं करून. मला तिचं कौतुक वाटलं.

मग तो म्हणाला, “योंजा. एक प्रश्न. तू खरं सांगशील. वचन?”

तिने वचन दिलं.

“देदे खूप आजारी आहे?”

पोरीने दाराकडे पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तिची आई असावी. मग ती फोनच्या अगदी जवळ आली, एवढी की नुसते डोळे आणि नाक दिसायला लागलं.

“हो,” ती म्हणाली. “बाबांनी मला सांगितलं. तुला सांगायचं नाही म्हणाले. गाडीत बसून रडले.”

“देदे मरणार?” आबीने विचारलं.

“हो. मला खूप वाईट वाटतं, देदे.”

“केव्हा? ऐकलंस?”

तिने ऐकलं होतं. उन्हाळ्याच्या आधी, तुमच्या, असं म्हणाली. आणि मग लगेच — मी सांगितलं म्हणून बाबा रागावतील का?

आबीने नाही म्हटलं. घाबरू नको म्हटलं. मग पुढचं वाक्य त्याला येईना. माझ्याकडे पाहिलं. शब्द हवा होता, पण कोणता ते त्याला तुर्कीतही सांगता आलं नाही. तिनेच विचारलं, देदे, तुला माझा दात बघायचाय? आणि डबीतला दात आणून दाखवला. त्याने चष्मा पुसून नीट पाहिला.

फोन बंद झाल्यावर बराच वेळ तो टेबलावरचे नोकुलचे कण बोटाने गोळा करत बसला. मी रडत होते ते त्याने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि नोंद घेतली नाही. भिंतीकडे तोंड वगैरे काही केलं नाही. म्हणाला, ओक्तायला या महिन्याचीच तिकिटं काढायला सांगतो, सगळ्यांची. जूनपर्यंत कशाला थांबायचं? बापाला नात बघायचीय, तेवढं कारण पुरे.

आणि मुअल्लाला यातलं काही नको, म्हणाला. ती एवढ्या निगुतीने सांभाळतेय, तिला सांभाळू दे.

दारात बूट घालताना भिंतीला हात टेकला. मी धरायला गेले तर कोपराने बाजूला सारलं, लहानपणी सारायचा तसं.

२१ डिसेंबर

आज नोकुल घेऊन आला तेव्हा विचारलं — एवढी खटपट कशासाठी? महिनाभर मी रोज तुझ्यासमोर बसत होते. मला विचारायचं होतंस.

“तुला विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस, पेरी,” आबी म्हणाला. “ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.”