डबड्यातली माणसं

शनिशिंगणापूर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. रंगनाथमामांस सा. न. वि. वि.

फोनवर माझी दातखीळ बसते, म्हणून लिहिते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला दरदरून घाम फुटतो. त्यावर नगरला एका डॉक्टरबाईंकडे उपचार चालू आहेत. त्या डोळ्यांवर एक डबडं बांधतात, त्याला व्हीआर म्हणतात. आत खोट्या माणसांनी भरलेली खोली दिसते. तिच्यात जायचं आणि भीती ओसरेपर्यंत बोलत राहायचं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. डबड्यात समोर बंद दार आलं. बाई म्हणाल्या, टकटक कर. आपल्या गावात घरांना दारंच नाहीत, टकटक कोणाला ठाऊक! मी सवयीने, हाय का कोनी घरात, अशी हाळी दिली. दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या कुणा आजोबांनी, हाय की, या, म्हणून उत्तर दिलं.

तुम्ही आणलेल्या स्थळाला या वेळी माझं उत्तर मीच देणार आहे. मागच्या वेळी तुम्ही माझ्या वतीने मला गाण्याची आवड असल्याचंही सांगून टाकलंत.

लोभ आहेच, टोमणे कमी असावेत.

आपली भाची,
सत्यशीला

श्रीगोंदा, ११ फेब्रुवारी

चि. सत्यशीलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी मामी विचारते, तोंड बंद करायचं डबडं मिळतं का. रोख माझ्याकडेच होता. आमच्या कारखान्याच्या सभेलाही अशी दोन-चारशे लागतील.

रविवारी मुलाकडच्यांना घेऊन येतो. मुलगा पार्थ, कारखान्यात केमिस्ट आहे. तू फक्त चहा दे, बाकी मी बघतो.

तुझा मामा,
रंगनाथ

शनिशिंगणापूर, १८ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

परवा तुम्ही चहा तसाच टाकून गाडीत बसलात, म्हणून लिहिते. तुम्ही आणि पार्थचे वडील बोलत होतात, आम्ही दोघं चिवड्याकडे बघत होतो. मला तर तुमचं दोघांचंच लग्न जमतंय असं वाटायला लागलं होतं. मग तुम्ही माझा होकार सांगून टाकलात. डबडं काढलं की माणसं जातात, ही जाणारी नव्हती. आवाज चिरकला, तरी सांगितलं की मला एम.एस्सी. करायचंय, आत्ता लग्न नको. पार्थचा चेहरा तर केवढा खुलला!

सगळ्यांसमोर तुमचा शब्द खाली पडला, त्याचं वाईट वाटतं. नाही म्हटल्याचं वाटत नाही.

राग गेला की लोभ करावा.

सत्यशीला

श्रीगोंदा, २६ फेब्रुवारी

चि. सत्यशीलास अनेक आशीर्वाद.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. पार्थच्या वडिलांचा फोन आला. त्यांच्या पोरानेही घरी जाऊन तोंड उघडलं म्हणे, त्याने परस्पर दुसरीकडे ठरवलेलं आहे. तुझ्या वतीने बोलता बोलता तुला काय हवंय ते मी कधी विचारलंच नाही, हे मामीने मला ऐकवलं. दोन दिवस ऐकवत होती.

राहुरीचं एक स्थळ आलंय. त्यांना काय कळवू, ते तू सांग.

या वेळी लोभ मीच मागतो.

तुझा मामा,
रंगनाथ